किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या

रिटायर झालेल्या माणसाला फुकट आणि भरपूर मिळणारी एकच गोष्ट, सल्ले. छंद जोपासा, पॉझिटिव्ह रहा, फिरायला जा, मन रमवा. सांगणारे बहुतेक चाळिशीतले, ज्यांना स्वतःला श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यांना वाटतं आता यांच्याकडे वेळच वेळ आहे मग अडतं कुठे. अहो, तिथेच तर अडतं! ऑफिस होतं तेव्हा कितीही कंटाळा आला तरी उठत होतोच, कारण नाही गेलो तर कुणाचं तरी काम खोळंबणार, कुणीतरी फोन करून पिडणार. आता नाही उठलो तर काही म्हणजे काहीच होत नाही. आंघोळ अकराला केली काय नि एकला केली काय. सुरुवातीला हे फार सुखाचं वाटतं बरं का, नंतर मात्र अंगावर यायला लागतं.

म्हणून ते मोटिव्हेशन की काय म्हणतात ते या वयात स्वतःच्या आत शोधत बसून सापडतं यावर माझा फारसा विश्वास नाही. आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे, थोडंसं का होईना.

आमच्या ओळखीत एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, मुलीने चांगले बूट आणून दिले, पावलं मोजणारं घड्याळ पण आणलं, चार दिवस कौतुक झालं आणि मग घड्याळ चार्ज करायचंच राहायला लागलं. त्यात सकाळच्या व्यायामाच्या ग्रुपमध्ये हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते दुसरीकडे राहायला गेले आणि सगळ्यात जवळ राहतात म्हणून किल्ली या काकांकडे आली. झालं! आता काका सगळ्यांच्या आधी हजर, आणि वर ऐकवतात, "मी नाही आलो तर बसाल सगळे पायरीवर." सूर तक्रारीचा, पण तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो. व्यायाम ते अजूनही मनापासून करत नाहीत, हात अर्धेच वर जातात, पण दांडी नाही.

अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९७६ साली एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि एकेक रोप दिलं, याला तुम्हीच सांभाळायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली पण पाणी घालायचं काम नर्सचं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत दिसायला लागले, जास्त मिसळायला लागले. प्रयोग छोटासाच, त्यावरून लगेच मोठमोठे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य. पण घरोघरी आपण दुसऱ्या मजल्यासारखं वागतो की नाही सांगा. "तुम्ही बसा हो, आम्ही बघतो" म्हणत म्हणत हातातलं एकेक काम काढून घेतो, तेही प्रेमाने, आणि मग वर विचारतो की हल्ली तुमचा कशातच इंटरेस्ट का नाही.

अजून एक गोष्ट आहे जी कुणाच्या लक्षातच येत नाही, कान. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, फ, थ असली व्यंजनं. स्वर ऐकू येतात. त्यामुळे माणूस म्हणतो मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता. पाठ म्हणालात की साठ, अंदाजाने ताडायचं. दोघांत जमून जातं, पण दहाजण एकदम बोलायला लागले की संपलं. मग तो सगळे हसले की एक सेकंद उशिरा हसतो, हळूहळू कोपऱ्यातली खुर्ची धरतो, पुढे येणंच बंद करतो. घरचे म्हणतात स्वभाव बदलला, विरक्ती आली. कसली विरक्ती, कानाचं मशीन हवंय! आणि ओरडून बोलण्यापेक्षा समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं तर जास्त कळतं. चष्मा लावताना कुणी लाजत नाही पण कानाच्या मशीनला अजून लोक कित्येक वर्षं टाळतात, हे मला खरंच कळत नाही.

आणि हो, माणसं कमी झाली म्हणजे एकटेपणा आलाच असंही नसतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की वय वाढतं तसं माणूस आपणहून गोतावळा छाटतो, पुढचा वेळ मोजका आहे हे कळल्यावर नुसत्या ओळखी सांभाळायचा उत्साह राहत नाही, जवळचे तेवढे ठेवतो. हे मला अगदी पटतं, कितीतरी समारंभ मी आनंदाने सोडलेत. फक्त गोची अशी की ते जवळचे पण आपल्याच वयाचे असतात. एकेक जण गळतो, कुणी मुलाकडे कायमचं जातं, कुणाला जिना चढवत नाही.

तेव्हा नवीन माणसं जोडायला लागतात आणि त्याचाच सगळ्यात जास्त कंटाळा येतो, कारण पहिल्यापासून सगळं सांगायचं, मुलं किती, कुठे असतात, गुडघा कुठला दुखतो. जेफ्री हॉल नावाच्या अभ्यासकाने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता की साधी मैत्री व्हायला पन्नासेक तास एकत्र घालवावे लागतात आणि घट्ट मैत्रीला दोनशेच्या वर. त्याने हे कॉलेजची मुलं आणि नव्या गावी राहायला गेलेली माणसं बघून काढलं, म्हाताऱ्यांचं गणित वेगळं असू शकेल. तरी दोनशे तास म्हणजे रोज एक तास धरला तर सहा-सात महिने. नोकरीत असताना हे कुणाला परवडलं असतं? आपल्याकडे तर दुपारच्या दुपारी पडल्यात. फक्त पहिले दहा-पंधरा तास जरा रटाळ जातात, त्यात समोरच्याची गुडघ्याची स्टोरी दोनदा ऐकायची तयारी ठेवा, आपलीही तो ऐकतोच आहे.