तुम्ही विचारलंत म्हणून: विमान कंपनीच्या ॲपवर लिहायला माणूस कशाला लागतो?

वेळ, तारीख, भाडं आणि चार बटणं. यात लिहायचं काय असतं? मी विमान कंपनीच्या वेबसाइटवरचा आणि ॲपमधला मजकूर लिहिते हे कळलं की हा प्रश्न येतोच. हल्ली त्यापाठोपाठ दुसराही येतो: आता तर हे सगळं एआय करेल ना? दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मी विषय बदलते. आज बदलत नाही.

आधी एक मान्य करते. स्क्रीनवर दिसतं त्यातलं बरंचसं मी लिहीतच नाही. वेळ एका सिस्टिममधून येते, भाडं दुसरीतून. सामानाचे नियम एका विभागाचे, परताव्याचे दुसऱ्याचे, एसएमएस तिसऱ्याच कुणाच्या ताब्यात. प्रवाशाच्या लेखी मात्र बोलणारी कंपनी एकच, आणि त्याचं बरोबरच आहे. इतक्या तोंडांमधून एकच बोलणं निघावं यासाठी मी भांडते. हेच माझं काम.

मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी सुटणारी एक फ्लाइट होती. तिकिटावर १४ तारीख, ००:२०. ॲपमध्ये ‘प्रवास: शुक्रवार, १४’. आदल्या दिवशी सकाळी गेलेला एसएमएस: ‘उद्या ००:२० वाजता तुमची फ्लाइट आहे. तीन तास आधी विमानतळावर पोहोचा.’ तिन्हीकडे माहिती अचूक. या फ्लाइटच्या एक प्रवासी बाई १४ तारखेला रात्री नऊ वाजता काउंटरवर आल्या. विमान जाऊन वीस तासांहून जास्त वेळ झाला होता.

त्यांच्या तक्रारीच्या कॉलचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. आवाज चढलेला नव्हता. त्या फक्त एसएमएस वाचून दाखवत होत्या, पुन्हा पुन्हा. ‘उद्या लिहिलंय, मी उद्याच आले. तीन तास आधी आले.’ पलीकडचा मुलगा नम्रपणे समजावत होता, मॅडम, १४ तारीख रात्री बारालाच सुरू होते. त्यावर त्या म्हणाल्या, ‘ते मला कळतं हो. पण घरातून १३ तारखेला निघायचं, हे कुठे लिहिलंय?’

तो गप्प झाला. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नोंदीत शेरा पडला: नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही. पहिल्या टप्प्याला नो-शो लागला की सिस्टिम पुढचे टप्पेही रद्द करते, म्हणून परतीचं तिकीटही गेलं. नियमाला धरून सगळं चोख झालं होतं, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. चूक सापडली असती तर दुरुस्त करून मोकळी झाले असते.

मी एक ओळ सुचवली: ‘गुरुवारी, १३ तारखेला रात्री ९:२० पर्यंत विमानतळावर पोहोचा.’ कायदा विभाग म्हणाला, इतकं नेमकं सांगितलं तर ती हमी ठरेल. ॲपवाले म्हणाले, चौकटीत बसत नाही. कुणीतरी विचारलं, असे किती प्रवासी चुकतात? आकडा कुणाकडेच नव्हता, कारण नो-शोची नोंद होते, त्याच्या कारणाची होत नाही. ‘इतर कुणी करत नाही’ हेही ऐकून घेतलं.

या कामात नवी होते तेव्हा मी ठासून सांगायचे की जितके कमी शब्द तितका मजकूर स्पष्ट. पुढे नव्या मुलामुलींनाही तेच शिकवलं. त्या एसएमएसमध्ये एकही शब्द जास्तीचा नव्हता. मग ते तत्त्व खोटं का? तसंही म्हणवत नाही. गेट बदललं तर धावत्या माणसाला चारच शब्द हवेत. पण घरी बसून बॅग भरणाऱ्याला पुरं वाक्य लागतं. दोघांना एकाच मापाचा मजकूर द्यायचा आग्रह मी तेव्हा का धरला, याचं समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

ती ओळ आता एसएमएसमध्ये आणि ॲपमध्ये जाते. तिकिटावर जात नाही, कारण त्याचा साचा वेगळ्या सिस्टिमचा. आता नव्या तक्रारी येतात: एकाच प्रवासाला दोन तारखा दिसतात, खरी कुठली? त्यांचंही खरंच आहे.

राहिला एआय. २०२४ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या सिव्हिल रिझोल्यूशन ट्रिब्युनलने, म्हणजे छोटे दिवाणी दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, एअर कॅनडा या विमान कंपनीविरुद्ध निकाल दिला. घरात मृत्यू झाल्यामुळे निघालेल्या प्रवाशाला कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामने, सांगितलं होतं, अशा प्रसंगी भाड्यात मिळणारी सवलत ही तिकीट काढल्यापासून ९० दिवसांच्या आत मागता येईल. त्याच वेबसाइटच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, प्रवास झाल्यावर ही सवलत मिळत नाही. चॅटबॉटच्या बोलण्याला कंपनी जबाबदार नाही, हा बचाव टिकला नाही. पानावर असो वा चॅटबॉटमध्ये, माहिती कंपनीचीच. वाक्य यंत्राने लिहायला माझी हरकत नाही. पण दोन पानं एकमेकांविरुद्ध बोलत असताना खरं कुठलं, हे संबंधित विभागाला फोन लावून, मागे लागून ठरवून घ्यावं लागतं.

सध्या वाद पॉवर बँकेवरून चाललाय. नियमाची भाषा वॅट-अवरची, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेची: सर्वसाधारणपणे १०० पर्यंत केबिनमध्ये चालते, १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी, आणि चेक-इन बॅगेत अजिबात नाही. प्रवाशाच्या हातातल्या वस्तूवर मात्र ठळक अक्षरांत असतं एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, हे वेगळंच माप. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॅट-अवर, हे मला दोन्ही आकड्यांनिशी लिहायचंय. सुरक्षा विभागाचं म्हणणं, व्होल्टेज वेगळं असलं तर गणित चुकेल, म्हणून फक्त वॅट-अवर ठेवा. त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी बॅग भरताना हा हिशेब कोण करत बसणार, हे मी त्यांना परवा पुन्हा लिहून पाठवलंय.