आयुष्यभराचं तेल

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखान्याबाहेर नंबर लागायची वाट पाहत उभा होतो. मे महिन्यातली दुपार, डोक्याला दुपट्टा, हातात रिपोर्टांची पिशवी. समोर कडुनिंबाखाली एक लांबलचक काळी जर्मन गाडी उभी होती. उभी म्हणजे तीन चाकांवर उभी. पुढचं डावं चाक मडगार्डात पार शिरलेलं आणि त्या कोपऱ्यावर गाडी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बैलासारखी बसलेली. येणारे-जाणारे तिचा रुबाब पाहत होते. मी पाहत होतो, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट तरी जाईल का.

ही माझी जुनी खोड आहे. महागडी जुनी गाडी दिसली की मी आधी वाकून तिची उंची बघतो. बायको अशा वेळी चार पावलं पुढे निघून जाते, ओळख नसल्यासारखी.

या गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. नवेपणी खड्डा कळतसुद्धा नाही. दहा-बारा वर्षांत रबराला चिरा पडतात, आपल्याकडच्या उन्हात जरा लवकरच, आणि रात्रभर हवा सुटत राहते. सकाळी मालक चावी फिरवतो, छोटासा कॉम्प्रेसर घरघर करत गाडी उचलतो, मालक म्हणतो, चला, उठली बुवा. ती गळकी पिशवी रोज भरता भरता एक दिवस कॉम्प्रेसरच जळतो. बिघडलेलं एक, बदलायची दोन.

हे सगळं ज्ञान मला मावसभावाकडून मिळालं. त्याने अशीच एक दहा वर्षं वापरलेली गाडी नव्या वॅगन-आरच्या भावात घेतली. "दादा, साठ लाखांची गाडी सहा लाखांत!" म्हणून घरोघरी पेढे वाटले. किंमत गाडीची उतरते, सामानाची उतरत नाही, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती पिशवी, तो पंप, तो हेडलाइट, यांना आपण आता सहा लाखांच्या गाडीत आहोत याचा पत्ताच नसतो. ते आपले साठ लाखांच्याच ऐटीत. एका चाकाचं सामान नवं कोरं घ्यायचं म्हटलं तर आकडा लाखाच्या आसपास जातो. अशी चाकं चार.

घाट रोडकडचा त्याचा मेकॅनिक भला माणूस. म्हणाला, "मारुतीचं काहीबी सांगा, घंटाभरात लावून देतो. याचं सामान दिल्लीहून येईन साहेब." दिल्ली म्हणजे मायापुरी, नाहीतर मग मुंबईचं कुर्ला. तिथे भंगारात निघालेल्या गाड्यांचं सामान सुटं करून विकतात. तेही परवडेनासं झालं की लोक पिशव्याच काढून साध्या स्प्रिंगा ठोकतात. गाडी उभी राहते. डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा तेवढा कायमचा पेटलेला राहतो, आणि हळूहळू मालकाला तो दिसेनासा होतो.

आमच्या लहानपणी बाबांची फियाट होती. उन्हाळ्यात रामटेकला निघालो की कन्हानचा पूल ओलांडल्यावर ती हमखास बंद पडायची. उन्हाने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंपाला ती ओढता यायची नाही. बाबा मुकाट्याने बॉनेट उघडायचे. पुढे बांधलेली छागल सोडून तिच्यातल्या पाण्याने पंचा भिजवायचे आणि इंजिनाला चिकटून असलेल्या त्या छोट्याशा पंपावर घडी करून ठेवायचे. स्स् असा आवाज व्हायचा. पेट्रोल, तापलेलं लोखंड आणि ओलं कापड, तिन्हींचा मिळून एक वास यायचा. आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत बसून डब्यातले आलूबोंडे संपवायचो. बोंडे संपेपर्यंत गाडी चालू व्हायची, जणू तिलाही तेवढाच वेळ हवा असायचा. पंच्यावर ग्रीसचा काळा ठसा उमटलेला असे. आई त्याला ‘गाडीचा पंचा’ म्हणायची, तो वेगळा धुवायची आणि चुकूनही कोणाला हात पुसायला द्यायची नाही. दुरुस्तीचा खर्च म्हणाल तर तो पंचा.

मावसभावाच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत नुसती काळ्या प्लास्टिकची झाकणं. ओला पंचा ठेवायचा कुठे? झाकणांखाली कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी प्लास्टिकची, नळ्यांचे सांधेही प्लास्टिकचे. वर्षानुवर्षं तापून ते बिस्किटागत ठिसूळ होतात. टाकी काही हजारांची. पण ती भर रस्त्यात तडकली आणि तापमानाचा काटा वर गेलेला दिसेपर्यंत गाडी हाकत राहिलात, तर इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग हजारांची भाषा संपते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं, असं मी विचारलं. मावसभावाने गाडीचं पुस्तक दाखवलं: बदलायची गरज नाही, तेल आयुष्यभराचं आहे. कोणाच्या आयुष्याचं? झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः असे गिअरबॉक्स बनवते. ती सांगते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. पुस्तकातलं आयुष्य बहुधा पहिल्या मालकाच्या हौसेचं असावं.

२००२ साली आलेल्या मर्सिडीजच्या ई-क्लासला तर विजेच्या पंपावर चालणारे ब्रेक होते, आणि ब्रेक किती वेळा दाबला हे ती गाडी मोजून ठेवायची. मोजणी तीन लाखांच्या आसपास गेली की सांगायची, पंप बदला. २००४ मध्ये कंपनीने या ब्रेकसाठी ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीला परत बोलावल्या आणि पुढे ती तऱ्हाच सोडून दिली. तीन लाख वेळा म्हणजे जर्मनीत खूपच झाले. सीताबर्डीच्या गर्दीतून रोज संध्याकाळी जाणाऱ्या माणसाने आपला हिशेब करावा.

आणि कडुनिंब. आपण सावलीसाठी गाडी झाडाखाली लावतो. चैत्रात बारीक फुलं पडतात, मग काड्या, मग पाला. सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्यात हा गाळ बसतो. मृगाच्या पहिल्या पावसात पाणी नळीऐवजी आत उतरतं, गालिच्याखाली साचतं. काही गाड्यांची इलेक्ट्रॉनिक डबडी नेमकी तिथेच, पायाखाली बसवलेली असतात. मग काचा आपोआप खाली येतात, हॉर्न रात्री वाजतो, शेजारी फोन करतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे कडुनिंबाची गरजच उरली नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. नंतर त्या भागातून गेलो तेव्हा एका गल्लीत चारही दारं उघडी टाकून एक मोठी गाडी वाळत ठेवली होती, शेजारी गाद्या, पुस्तकं, फ्रिज. पहिल्यांदाच मी वाकून उंची पाहिली नाही. त्या पुरात माणसं गेली होती.

मावसभावाची गाडी त्यातून वाचली, ती गॅरेजमध्ये होती म्हणून. दिल्लीहून सामान यायचं होतं.

यंदा तिला पंधरा वर्षं झाली. पुन्हा नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून थेट पाच हजार झाली आहे. आरटीओतल्या रांगेत लोक करवादत होते. हा एकटा खूश. "एवढेच?" म्हणाला. त्या गाडीपायी पाच हजारांत भागलेलं हे पहिलंच काम.

"झालं बाप्पा पासिंग दादा, पाच वर्षं पाहायला नको. पचमढीला जाऊ सगळे."

मी हो म्हटलं. मावशी आतून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी बसने येते, तिथेच भेटू."