डायव्हर घड्याळात दुसरा टाइम झोन: काटा कोणता उडी मारतो ते आधी बघा

डायव्हर म्हणजे पाणबुड्याचं घड्याळ; त्याची बेझल (काचेभोवतीचं फिरतं कडं) ६० मिनिटांची आणि एकाच दिशेने फिरणारी. जीएमटीला, म्हणजे जादा काट्याने दुसऱ्या टाइम झोनची वेळ दाखवणाऱ्या घड्याळाला, हवा २४ तासांचा आकडेपट्टा. म्हणून चांगल्या डायव्हर-जीएमटीत हा पट्टा डायलच्या कडेला आत असतो. बेझलवरच २४ तास छापले, तर पाण्याखालचा वेळ मोजणार कशावर?

खरी गोम मशिनमध्ये आहे. सेइकोच्या ४आर३४ या मशिनमध्ये २४ तासांचा काटा स्वतंत्र सरकतो. घरबसल्या परदेशी वेळ बघायला हे बेस्ट. मियोटा ९०७५ या मशिनमध्ये मुख्य तासकाटा एकेक तासाने उडी मारतो, मिनिटकाटा हलत नाही. विमानातून उतरल्यावर हेच सोयीचं. मात्र तारीख बदलायची तर तोच काटा मध्यरात्र ओलांडून फिरवत बसा! अर्ध्या तासाच्या फरकाचे देश दोन्हीत अडचणीचेच, कारण मिनिटकाटा एकच.

वेळ लावताना स्क्रू-क्राउन (बाजूची आट्यांची चावी) पूर्ण उघडा. ४आर३४मध्ये मध्यरात्रीच्या आसपासच्या तासांत तारखेला हात लावू नका, दाते दुखावतात. बंद करताना क्राउन आधी किंचित उलटा फिरवा, आटे बसल्याचं बोटाला कळतं, मग दाबून आवळा. जीएमटीचा क्राउन जास्त वापरला जातो, त्यामुळे गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) लवकर झिजतं. पाण्यात नेत असाल तर वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट कराच.