बेंच सप्लाय अपडेट: १०० हर्ट्झची गुणगुण एकदाची सापडली

मंडळी, बेंच सप्लायचं (टेबलावर सर्किटं तपासायला लागणारा, व्होल्टेज फिरवता येणारा पॉवर सप्लाय) भिजत पडलेलं घोंगडं शेवटी वाळलं. मागच्या वेळी सांगितलं होतं की एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी रेग्युलेटर आयसी) वाला पहिला चॅनल सुरू झालाय, व्होल्टेज मस्त फिरतंय, पण लोड लावला की आउटपुटवर गुणगुण येते. त्यावर तुम्हा सगळ्यांचं एकमत झालं, कॅपॅसिटर मोठा टाक. टाकला. ४७०० मायक्रोफॅरडच्या शेजारी अजून एक ४७०० चा बसवला आणि गुणगुण कमी व्हायच्या ऐवजी हलकीशी वाढलीच! माझं डोकं फिरलं, आणि खरं सांगू, मजा पण तिथूनच सुरू झाली.

सेटअप तोच आहे, १८ व्होल्ट ३ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), कॅप (कॅपॅसिटर), ३१७, आणि ऑनलाइन मागवलेला तयार पीसीबी (कोणाचा ते सांगत नाही, पण आता त्या बोर्डाबद्दल बरंच बोलणार आहे). एक अँपियर लोडला आउटपुटवर पीक टू पीक ९० मिलिव्होल्टच्या आसपास घाण. टेस्टिंगला एखादा ऑडिओ प्रीअँप जोडला की स्पीकरमधून सरळ घूंsss.

आता बघा, आकडे मांडले की इथेच काहीतरी खटकतं. एक अँपियरला ४७०० मायक्रोफॅरडवर रेग्युलेटरच्या आधी साधारण दोन व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली व्होल्टेजची लाट) असतो. ३१७ ची डेटाशीट म्हणते अ‍ॅडजस्ट पिनला (आउटपुट व्होल्टेज ठरवणारा पाय) कॅप नसेल तरी ६५ डीबी रिजेक्शन (रिपल दाबायची ताकद), १० मायक्रोचा कॅप लावला तर ८० डीबी. म्हणजे दोन व्होल्टाचा फार तर एक मिलिव्होल्ट उरायला पाहिजे, कॅप लावल्यावर तर त्याच्याही पाचव्या हिश्शाएवढा. ९० येतोय तो रेग्युलेटरमधून गळून येणं शक्यच नाही. बरं आयसी डुप्लिकेट म्हणावी, तर दुसऱ्या दुकानातून आणलेली लावली तरी तेच. ड्रॉपआउट (रेग्युलेटरला इनपुट व्होल्टेज कमी पडणं) म्हणावा, तर १२ व्होल्ट आउटपुटला आत २१ च्या वर शिल्लक आहेत, ३१७ ला दोन-अडीच व्होल्टची जागा पुरते.

मग वायरवाऊंड रेझिस्टर बदलत करंट एक अँपियरच्या आसपास ठेवला आणि फक्त व्होल्टेज फिरवलं. ५ ला तेवढाच, ९ ला तेवढाच, १२ ला तेवढाच. (५ व्होल्टला फार वेळ ठेवू नका, सोळा-सतरा वॉट ३१७ वर जळतात, पंखा लावूनच.) ही टेस्ट मला फार आवडली. ड्रॉपआउटचा त्रास असता तर फक्त वरच्या व्होल्टेजला दिसला असता. रेफरन्सच्या (ज्याच्याशी तुलना करून आयसी आउटपुट ठरवते ते व्होल्टेज) आत घाण असती तर व्होल्टेज वाढवलं की तीही त्याच पटीत वाढली असती. व्होल्टेज काहीही ठेवा, घाण तेवढीच, आणि लोडबरोबर मात्र वाढते, याचा अर्थ कोणीतरी आख्खं आउटपुटच खालून वर-खाली हलवतंय. खालून म्हणजे ग्राउंड.

डीएसओ१३८ (छोटा ऑसिलोस्कोप) जोडला. त्या खेळण्याला लोक नावं ठेवतात, पण २०० किलोहर्ट्झपर्यंत दिसतंय आणि १० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनपर्यंत उतरतोय, पॉवर सप्लायच्या कामाला अजून काय पाहिजे? फक्त तो अ‍ॅडॅप्टरवर चालवू नका, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, नाहीतर अ‍ॅडॅप्टरचाच कचरा बघत बसाल. तर स्क्रीनवर करवतीचे दात दिसतील अशी अपेक्षा होती आणि दिसले अरुंद उंच टेंगूळ, दर १० मिलिसेकंदाला एक, म्हणजे ५० हर्ट्झच्या मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या सायकलला एक. करवत म्हणजे कॅप रिकामा होतानाचं व्होल्टेज. टेंगूळ म्हणजे कॅप भरतानाचा करंट! ब्रिज काही सतत करंट देत नाही, सायकलच्या शेंड्याला थोडा वेळ दार उघडतो आणि तेवढ्यात सगळं भरून घेतो, म्हणून लोड एक अँपियरचा असला तरी भरतानाचा झटका पाच-सहा अँपियरचा असतो. कॅप मोठा केला की हे झटके अजून अरुंद आणि उंच होतात. म्हणून गुणगुण वाढली!

मग पीसीबी उलटा करून भिंगाखाली घेतला. पॉटचा (व्होल्टेज फिरवायचा नॉब) खालचा पाय ब्रिजच्या मायनसपाशी. आउटपुटचं मायनस कॅपच्या मायनसपाशी. मधे पाचेक सेंटीमीटर लांब आणि जेमतेम दीड मिलिमीटर रुंद ट्रॅक. ३५ मायक्रॉन तांब्याचा हिशोब केला तर एवढ्या ट्रॅकचा रेझिस्टन्स १६-१७ मिलिओहम येतो, गुणिले पाच अँपियर, झाले ८० च्या वर मिलिव्होल्ट. सर्किट डायग्रामवर ग्राउंडची सगळी चिन्हं सारखीच दिसतात हो, पण तांब्याला ते माहीत नसतं. एसटीच्या एकाच दारातून चढणारे आणि उतरणारे एकदम घुसावेत तसा चार्जिंगचा करंट आणि रेफरन्स एकाच पट्टीवर कोंबलेत. आणि अ‍ॅडजस्टच्या १० मायक्रोच्या कॅपचा पायही त्याच घाणेरड्या ग्राउंडवर, म्हणजे तो बिचारा इमानदारीने ती घाण वर पोचवत होता.

खात्री करायला स्कोपचा प्रोब ट्रॅकच्या एका टोकाला आणि क्लिप दुसऱ्या टोकाला लावली, ग्राउंड ते ग्राउंड. शून्य दिसायला हवं तिथे हुबेहूब तेच टेंगूळ! एवढा आनंद झाला की ओरडलोच. नंतर यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी काढून थेट कॅपवर जोडली आणि मेन्स बंद केला, गुणगुण गायब. आता शंकाच नको.

इलाज सोपा. आधी ट्रॅकला समांतर जाड वायर टाकून बघितली, घाण तिसऱ्या हिश्शावर आली, म्हणजे निदान बरोबर पण औषध अर्धवट. मग पॉटचा आणि अ‍ॅडजस्ट कॅपचा पाय कटरने ट्रॅक कापून मोकळा केला आणि वायरने थेट आउटपुटच्या काळ्या टर्मिनलवर नेला. ब्रिजच्या दोन्ही वायरी पिळून थेट कॅपच्या पायांवर, आणि कॅपच्या मायनसवरून एकच वायर काळ्या टर्मिनलकडे. आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमधला २४० ओहमचा रेझिस्टर मात्र ३१७ च्या आउटपुट पायाला चिकटूनच, तो लांब नेला तर मधल्या वायरचा ड्रॉप रेग्युलेशनमध्ये घुसतो. आता डीएसओवर त्याचा स्वतःचाच नॉइज दिसतो, बाकी काही नाही. जुना इअरफोन, सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरड आणि १ के, अशी जोडणी करून कानाने पण ऐकलं (आधी आउटपुटला जोडायचं, मग कानात घालायचं, जोडताना टक्क करून मोठा आवाज येतो). काही नाही! ज्याच्याकडे स्कोप नाही त्याने हे जरूर करा, १०० हर्ट्झ कानाला लगेच कळतो.

हत्यारांबद्दल थोडं. डीटी८३० टाइपच्या पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर ९० मिलिव्होल्ट शोधणं व्यर्थ, एसी मिलिव्होल्ट असलेला मीटर घ्या. तयार क्रोकोडाइल क्लिपच्या रंगीत वायरी तर मला डोळ्यासमोर नकोत, आत केसाएवढी तार आणि तीही नुसती दाबलेली, सोल्डर नाहीच. एकेका वायरचा रेझिस्टन्स ओहमच्या दशांशात जातो आणि इथे आपण मिलिओहमचं भांडण भांडतोय! क्लिप सुट्या आणा, जाड वायर स्वतः सोल्डर करा. बारीक कामाला माझी २५ वॉटची सोल्ड्रॉन अजून झकास चालतेय, पण जाड वायर टर्मिनलच्या लगवर लावायला ६० वॉटचीच पाहिजे, नाहीतर कोल्ड जॉइंट ठरलेला. आणि फ्लक्स म्हणून राळच वापरा, ती अ‍ॅसिडवाली पेस्ट पीसीबीच्या जवळपास पण नको.

३१७ ची टॅब (पाठीचा धातूचा पत्रा) आउटपुटला जोडलेली असते हे विसरू नका, मायका वॉशर टाकून झाला की टॅब आणि हीटसिंकमध्ये मीटरचा बझर वाजत नाही ना ते बघायचं. पहिल्यांदा मेन्सला लावताना सिरीज बल्ब (मेन्सच्या वाटेत मधे जोडलेला), १०० वॉटचा जुना पिवळा. क्षणभर पेटून मंद झाला की ठीक, पेटलेलाच राहिला की लगेच बंद.

पुढचा बेत व्होल्ट-अँपियरचा लाल-निळा डिस्प्ले बसवायचा होता. त्याचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) मायनसमध्ये असतो, पण पॉटचा पाय आता थेट बाहेरच्या टर्मिनलवर असल्याने शंटवरचा ड्रॉप रेग्युलेटरच सांभाळून घेईल, हा फुकटचा फायदा. पण लिहिता लिहिता अजून भारी सुचलं. एक ३१७ घ्यायची, आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमध्ये १.२ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर, की झाला एक अँपियरचा करंट सोर्स, ५ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालेल (तो दीड-दोन अँपियरचा घ्या). तो करंट ट्रॅकमधून सोडायचा आणि दोन टोकांचं मिलिव्होल्ट मोजायचं, जेवढे मिलिव्होल्ट जवळपास तेवढेच मिलिओहम, हिशोबच नको. प्रोब मात्र करंटच्या क्लिपांच्या आतल्या बाजूला टेकवायचे. आणि यासाठी २०० मिलिव्होल्ट डीसी रेंज लागते, ती त्या पिवळ्या डीटी८३० वर असते, म्हणजे त्यालाही काम मिळालं! तर डिस्प्ले थांबला, आधी हा जिग (तपासणीची जोडणी), मग त्यानेच माझ्याकडचे सगळे स्विच, लग आणि वायरी तपासणार.

दुसरा चॅनल एलएम३३७ ने (३१७ ची निगेटिव्ह व्होल्टेजवाली जोडीदार) निगेटिव्ह करणार होतो, तेही रद्द. ३३७ चे पाय वेगळे, टॅबवर इनपुट, हीटसिंकचा सगळा विचार परत करा. त्यापेक्षा दोन सुट्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर करून घेतो, दोन्हीकडे ३१७, आणि प्लस-मायनस हवं तेव्हा बाहेरच एक पट्टी टाकून जोडायचं, नाहीतर दोन स्वतंत्र सप्लाय. सेंटर टॅपवाला (एकाच वाइंडिंगच्या मधून तार काढलेला) यात चालत नाही हे लक्षात ठेवा. पुण्याच्या तापकीर गल्लीत वाइंड करून देणारा कोणी माहीत असेल तर सांगा, १८ आणि १८, दोन-दोन अँपियर. आणि माझ्याकडे दोन ३३७ कोऱ्या पडून राहणार आहेत, कोणाला पाहिजे असतील तर घेऊन जा.