एका बादलीचं विज्ञान

"आवं बाई, पाणी वतलं की!"

२०१९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. नाणं तळाशी ठेवून वाडग्यात पाणी घातलं की ते वर उचलल्यासारखं दिसतं, हा प्रकाशाच्या अपवर्तनाचा प्रयोग सातवीला दाखवला होता. प्रयोग छान झाला, म्हणून मी खुशीत होते. त्याच खुशीत वाडगं खिडकीतून बाहेर रिकामं केलं, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी हे बोलली. ओरडून नाही. सांडल्या दुधाकडे बघून आपण बोलतो तसं.

शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. त्या वर्षी गावात टँकर सुरू होता. वर्गातली पाच-सहा मुलं आईबापांबरोबर चारा छावणीवर राहून तिथून शाळेत येत होती. ही मुलगी पहाटे टँकरच्या रांगेत दोन घागरी लावून मग दप्तर उचलायची. माझं वाडगं असेल पाऊण लिटरचं. तिच्या हिशोबात ते पाऊण लिटर होतं. माझ्या हिशोबात ते 'साहित्य' होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक निळी बादली ठेवली, पंधरा लिटरची. आठवडाभराचे सगळे प्रयोग एवढ्यातच करायचे. एक वहीही केली, तिच्यात तीन रकाने: प्रयोग कोणता, पाणी किती, आणि पाणी कुठे गेलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर प्रयोग करायचा नाही.

यातून जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. अभ्यासक्रमाचा क्रमच बदलला. पुस्तकात धडे येतात त्या क्रमाने आता चालेना, पाणी खराब होईल त्या क्रमाने चालायला लागलं. सोमवारी स्वच्छ प्रयोग: अपवर्तन, तरंगणं-बुडणं, आकारमान मोजणं. हे पाणी जसंच्या तसं बादलीत परत. मग मातीचं: गढूळ पाणी, तुरटी, निवळणं, वाळूतून गाळणं. हे कडुनिंबाच्या आळ्यात. साबणाचं त्यानंतर, ते फरशी पुसायला. मिठाचं सगळ्यात शेवटी, कारण ते झाडालाही चालत नाही. ते ताटात ओतून पत्र्यावर उन्हात ठेवायचं. माणच्या उन्हात दोन दिवसांत ताट कोरडं, आणि तळाशी चौकोनी स्फटिक. बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण असे दोन धडे फुकटात पदरात पडले, वर मीठही परत मिळालं.

प्लावक बलाचा, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं त्याचा, पाठ मी आधी आर्किमिडीज, राजा आणि मुकुट अशी गोष्ट सांगून सुरू करायचे. मुलं ऐकायची, पण त्यांच्यात काही हलायचं नाही. यावेळी मी फक्त विचारलं, "विहिरीतून घागर ओढताना ती जड कधी लागते?" मेंढपाळाचा एक मुलगा, एरवी कधी तोंड न उघडणारा, लगेच म्हणाला, "पाण्यात हाय तवर हलकी. भाईर आली की हिसका बसतो." झालं, सगळा नियम त्याच्या हातालाच ठाऊक होता. मग पाचशे ग्रॅमचा काळा दगड ताणकाट्याला टांगला आणि बादलीत सोडला. काटा ३३० च्या आसपास थांबला. दगडाने बाजूला सारलेलं पाणी मोजलं तर १७० मिलिलिटर. कमी झालेले १७० ग्रॅम आणि हे १७० मिलिलिटर शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिले आणि मी गप्प बसले. आर्किमिडीजचं नाव नंतर सांगितलं.

अंड्याचा प्रयोग मात्र फसला. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मीठ घालत गेलं की तरंगतं. अर्ध्या लिटरला साठ-सत्तर ग्रॅम मीठ पुरतं. एकाने घरून गावरान अंडं आणलं. मी ऐटीत ते साध्या पाण्यात सोडलं आणि ते तरंगलं! मी मीठ अजून घातलंच नव्हतं. वर्ग हसला. आणणाऱ्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "शिळं हाय ते, माझी आजी असंच बघती." अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यातून आतला ओलावा उडत जातो, हवेची पिशवी मोठी होते, वजन घटतं पण आकारमान तेवढंच राहतं. घनता म्हणजे काय हे त्या शिळ्या अंड्याने जितकं नीट सांगितलं तितकं ताज्याने सांगितलं नसतं. (फोडायचं मात्र कुणीच कबूल होईना. मीही नाही.)

आता साबण. पुस्तकात 'दुष्फेन' आणि 'सुफेन' असे शब्द आहेत. दुष्फेनला आमच्याकडे 'जड पाणी' म्हणतात, आणि त्याची तक्रार अशी की "ह्यात डाळच शिजत न्हाय". मुलांना मी घरून बाटलीभर पाणी आणायला सांगितलं: बोअरचं, टँकरचं, ज्यांच्या विहिरीत अजून होतं त्यांनी विहिरीचं. पावसाचं पाणी कुठून आणणार? मग ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी मागून आणलं, त्यातले क्षार काढलेले असतात. प्रत्येकाचं शंभर मिलिलिटर घेऊन त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब टाकायचे, बाटली हलवायची, आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. कपडे धुण्याची पावडर इथे चालत नाही, ती जड पाण्यातही फेसाळते. साधा साबणच किसून घ्यावा लागतो. बॅटरीच्या पाण्याला पाच थेंब लागले, टँकरच्या पाण्याला बारा-तेरा. एका बोअरच्या पाण्याला चाळीस झाले तरी फेस नाही, नुसता दह्यासारखा साका. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याची न विरघळणारी कणी करतं, आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम संपेपर्यंत फेसाच्या वाट्याला साबण येतच नाही. आमच्या पायाखालचा काळा पाषाण झिजतो तेव्हा हे क्षार पाण्यात उतरतात. तेच कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या द्रव्याला, घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ मऊ पडत नाही. सोड्याने हेच पेक्टिन सैल पडतं. आजी चिमूटभर खायचा सोडा का टाकते, हे त्या दिवशी वर्गाला कळलं. खरं सांगायचं तर सोडा आणि पेक्टिन यांचा संबंध मलाही आदल्या रात्रीच वाचून कळला होता.

या धड्याचं शेपूट पुढच्या आठवड्यात निघालं. माठ पाणी गार का करतो, तर छिद्रांतून पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण ५८० कॅलरी लागतात. हिशोब केला: दहा लिटर पाणी आठ अंशांनी उतरवायला १४० ग्रॅमच्या आसपास पाणी उडालं तरी पुरे, म्हणजे जेमतेम एक फुलपात्र. त्यावर प्रश्न आला, "मग आमचा जुना माठ गार का करत न्हाय?" उत्तर मी द्यायच्या आधीच साबणवाल्यांपैकी एकीने दिलं: जड पाण्याने भोकं बुजली असणार. माठाच्या बाहेरचा पांढरा थर तिने रोज बघितला होता.

काही गोष्टी मी फळ्यावरच शिकवते आणि ते मला खुपतं. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं, म्हणून थंड प्रदेशात तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. हे माणमध्ये काय दाखवू? मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विसरतात.

मार्चअखेर आम्ही पर्जन्यमापक केला. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली मानेखाली कापायची आणि वरचा भाग उलटा करून नरसाळं म्हणून बसवायचा. बाटलीचा तळ वेडावाकडा असतो, म्हणून आधी खडे घालून त्यांच्यावर येईल एवढं पाणी भरायचं आणि शून्याची खूण तिथे करायची. पट्टी बाहेरून चिकटवायची. पाऊस नव्हताच, म्हणून गणित केलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. शाळेचं छप्पर मुलांनी टेपने मोजलं: वीस बाय सहा, १२० चौरस मीटर. आमच्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. गुणाकार झाला ६०,०००. वर्गात शांतता. दहा हजारांचे सहा टँकर! त्यातला पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला तरी ४८,०००. "मंग टँकर कशाला, बाई?" या प्रश्नाला विज्ञानात उत्तर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. साठवायला टाकी लागते, पन्हळ लागते, पैसे लागतात. आणि पाचशे मिलिमीटर कधी तीनशेच येतो. त्याच साताऱ्यात महाबळेश्वरला पाच हजारांवर पाऊस पडतो, हे ऐकून तर मुलं चिडलीच. ढग तिथे वर चढताना थंड होऊन रिकामे होतात, आणि पलीकडे उतरताना हवा तापते, कोरडी होते. पर्जन्यछायेचा धडा इतक्या रागाने शिकलेला वर्ग मी दुसरा पाहिला नाही.

ग्रामपंचायतीकडून हजार लिटरची एक काळी टाकी मिळाली आणि छपराच्या एका अंगाला पन्हळ बसली. निम्मं छप्पर ६० चौरस मीटर, म्हणजे वाया जाणारं धरून एकवीस मिलिमीटरला टाकी भरेल, असं फळ्यावर लिहून ठेवलं. पहिल्या पावसाचं पाणी धूळ-विष्ठेसकट येतं, ते सोडून द्यायचं, हेही लिहिलं.

पाऊस उशिरा आला. शाळा उघडल्यावर एका सकाळी बाटलीत सहा मिलिमीटर दिसले. वाचन घेऊन बाटली शून्याच्या खुणेपर्यंत रिकामी करायची असते, आणि ते काम त्या आठवड्यात वाडग्याच्या वेळी बोलली होती त्याच मुलीकडे होतं. मी हजेरी घेत होते. ती वही घेऊन आली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: 'पोटात'.

"अगं, पहिल्या पावसाचं प्यायचं नाही म्हणून फळ्यावर लिहिलंय ना?"

"ते छपराचं, बाई. ह्ये तर वरनं थेट बाटलीत आलं."