बॉल नाही, पाय बघा

परवाच्या सॉफ्टबॉल मॅचमध्ये मी अंपायर होते. एक आउट, रनर तिसऱ्या बेसवर, आणि फाउल साइडला उंच फ्लाय, म्हणजे हवेत मारलेला बॉल, गेला. थर्ड बेसवाली वर बघत बघत धावली, मस्त क्लीन कॅच घेतला, पण वेग इतका की दोन पावलं आत पडली आणि तिसरं थेट आउट ऑफ प्लेच्या रेषेपलीकडे, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेर. मी डेड बॉल दिला, म्हणजे खेळ थांबवला, बॅटर आउट आणि रनरला होम, म्हणजे एक रन. झालं, फिल्डिंगवाल्यांचे कोच तावातावाने आत आले, कॅच झाला ना मॅडम, मग रन कशी?

कॅच झालाच की, म्हणून तर बॅटर आउट. पण फिल्डर बॉल घेऊन बाहेर गेली की खेळ थांबतो, रनरला पुढे पळायची संधीच उरत नाही, त्याची भरपाई म्हणून एक बेस. चुकून गेली तर एक, मुद्दाम नेला तर दोन. नाहीतर रनर अडवायला कुणीही कॅच घेऊन सरळ बाहेर पाऊल टाकलं असतं ना!

गोंधळ होतो तो ओव्हरथ्रोमुळे. थ्रो बाहेर गेला तर दोन बेस, आणि ते मोजायचे थ्रो हातातून सुटला तेव्हापासून. इथे मात्र फिल्डर बाहेर गेली त्या क्षणी रनरने शेवटचा कुठला बेस टच केला होता ते बघायचं. आणि रनर कॅचच्या आधीच निघाली असेल तर तिच्यावर अपील होऊ शकतं, म्हणजे फिल्डिंगवाल्या तिला आउट मागू शकतात, बेस मिळाला म्हणून ते माफ होत नाही.

सुरुवातीला मी बॉलकडेच बघत राहायचे. एकदा नजर खाली आली तोवर फिल्डर बाहेर उभी, कॅच आत झाला की बाहेर ते मला दिसलंच नव्हतं, मी अंदाजाने कॉल दिला. ते अजून खटकतं. आता मी आधी रेषेजवळ पळते, थांबते आणि मग पाय बघते. रेषेवर पाय असेल तर ती आतच. रनर कोण बघणार हे पार्टनरशी, म्हणजे दुसऱ्या अंपायरशी, पिचच्या (बॉल टाकण्याच्या) आधीच ठरलेलं असतं.

कोचनी शेवटी विचारलं, दोन आउट असते तर? मग तिसरा आउट, इनिंग संपली, रन नाही. तरी त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांना रेषेपाशी नेलं. चुना जसाच्या तसा होता आणि बुटाचा अख्खा ठसा पलीकडच्या मातीत.