ड्रोनला भिंत दिसत नाही

घरपट्टीवरच्या हरकतींच्या सुनावणीचा तो तिसरा दिवस होता. सकाळी साडेदहाला टोकन वाटप सुरू झालं आणि बारा वाजेपर्यंत रांग सभागृहातून जिन्यापर्यंत गेली. जिल्ह्याहून नगररचना विभागाचे सहायक संचालक आले होते. नगरपरिषदेच्या आकारणीत मूल्यनिर्धारण अधिकारी म्हणून सुनावणी तेच घेतात. आम्ही कर विभागातल्यांनी फाइल उघडायची, मोजमाप वाचून दाखवायचं आणि ते सांगतील तो शेरा लिहायचा. अकरा वर्षं मी या विभागात आहे.

घरपट्टीची आकारणी कायद्याने दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. म्हणूनच तिला चतुर्थ वार्षिक म्हणतात. आमच्याकडे ती दोनदा टळली होती. करवाढ अंगावर घ्यायला कोणी तयार नसतं, कधी निवडणूक तोंडावर असते, कधी माणसं नसतात. मग साचलेली वाढ एकाच नोटिशीत लोकांच्या दारात जाऊन पडते. लोक चिडले होते, आणि मला त्यांचा राग रास्त वाटत होता.

एकशे बारा नंबरला एक मावशी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या, सोबत दहावीतला नातू. त्यांनी नोटीस टेबलावर ठेवली.

"साहेब, आजवर आठशेच्या आत भरत आले. एकदाबी थकवली नाही. आता हे चार हजार कशापायी?"

मी फाइल वाचून दाखवली. क्षेत्र ८२ चौरस मीटर, वापर व्यावसायिक. नातवाने हिशेब विचारला, तेव्हा कागदावर मांडून दाखवला. जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येणं वाजवी आहे, ते धरायचं. आमच्याकडे जुन्या गावठाणात पत्र्याच्या घराला महिन्याला चौरस मीटरमागे ८ रुपये आणि दुकानाला २० रुपये दर ठरला होता. ८२ गुणिले २० गुणिले १२, म्हणजे १९,६८० रुपये वार्षिक भाडेमूल्य. दुरुस्तीपोटी कायद्याने १० टक्के सूट. उरले १७,७१२. हे करयोग्य मूल्य. त्यावर सर्वसाधारण सभेने ठरवलेला २४ टक्के कर, म्हणजे ४,२५१ रुपये. त्याखाली शिक्षण कर, वृक्ष कर, रोजगार हमी कर वेगळे.

नातू एकेक ओळ मोठ्याने वाचत होता. रोजगार हमीवर आला तशा मावशी म्हणाल्या, "थांब. ते काय म्हणलास?"

त्याने पुन्हा वाचलं.

"बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडलीय त्या कामावर. पोटात लेकरू होतं. आता तेच पैसे माझ्याकडून घेता?"

सभागृहात एवढा कालवा होता, पण आमच्या टेबलापाशी सगळे गप्प झाले. तो कर शासनाचा आहे, पालिका फक्त गोळा करून कोषागारात भरते, हे मला सांगता आलं असतं. खेड्यातल्या हातांना काम मिळावं म्हणून शहरातल्या दुकानांनी, गोदामांनी, कारखान्यांनी वाटा उचलावा, या विचारातून तो आला. महाराष्ट्राच्या कायद्यांतली ही मला फार मोलाची वाटणारी तरतूद आहे. तो घरांवर लागत नाही, फक्त बिगरनिवासी मालमत्तांवर लागतो. म्हणजे मावशींचं घर घर म्हणून नोंदलं असतं, तर ती ओळ त्यांच्या नोटिशीत आलीच नसती.

"दुकान कशाचं आहे मावशी?" मी विचारलं.

"कसलं दुकान? सून शिवणाचं मशीन घेऊन दारात बसते. उजेड तिथं आहे."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत जागेवर जाऊन या. अहवाल आजच पाहिजे."

मी टेप घेतला, शिपायाला सोबत घेतलं आणि मावशींच्या मागोमाग निघालो. दहा मिनिटांची वाट. जुना वाडा, पुढे पडवी, वर अखंड पत्रे. आत गेलो आणि मधोमध विटांची भिंत दिसली, छपरापर्यंत चढलेली, गिलावा जुना होऊन पोपडे धरलेला. पलीकडे दिराचा संसार. वाटणी होऊन वीस वर्षं झाली होती. दोन चुली, दोन दारं, दोन वीजमीटर. मावशींच्या बाजूचं माप भरलं ४१ चौरस मीटर.

सर्वेक्षण एका खासगी संस्थेला दिलं होतं. त्यांनी ड्रोनने वरून छायाचित्रं घेतली, छपरांच्या कडा नकाशावर आखल्या आणि मग त्यांची मुलं दारोदार फिरून वापराची नोंद करून गेली. ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखालची भिंत दिसत नाही. अख्ख्या छपराचे ८२ मीटर मावशींच्या नावावर चढले होते. मनात शंका आली म्हणून दिराच्या घरातून नोटीस मागवली. तीतही ८२. एकाच वाड्याची आम्ही दोनदा आकारणी केली होती.

सर्वेक्षणाच्या पत्रकांची आमच्या विभागाने नमुना तपासणी करायची होती. या गल्लीच्या पत्रकावर "तपासले" म्हणून सही माझी आहे. मार्चअखेरची वसुली चालू होती, पत्रकांचे गठ्ठे आले होते आणि मी गल्लीत न जाता सही केली होती. त्या भिंतीपुढे टेप धरून उभा असताना ती सही मला डोळ्यांसमोर दिसत होती. मावशींना तसं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. सुनेला म्हणाल्या, पाणी दे त्यांना.

पाणी पिता पिता त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि अकरा वर्षांत तो इतक्या सरळ कोणी विचारला नव्हता. "मी भरते ते पैसे जातात कुठं?"

मी सांगत गेलो. जकात गेल्यापासून तिच्या बदल्यात शासनाचं सहायक अनुदान येतं, आमच्या पगाराचा मोठा भार ते उचलतं. मोठे रस्ते, इमारती बहुतेक शासनाच्या आणि वित्त आयोगाच्या निधीतून होतात. पण रोजचं जगणं चालतं ते घरपट्टीवर. रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल, घंटागाडीचं डिझेल, गटारं काढणाऱ्यांची मजुरी, तुंबलेल्या नाल्यावर पावसाळ्यात लावायचा जेसीबी. पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, तेही यातूनच. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली, की मालमत्ता कराची वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या बरोबरीने वाढली तरच शहरांना अनुदान. त्यामुळे इथली थकबाकी राहिली की दिल्लीहून येणारा पैसाही अडतो.

"आणि अंदाजपत्रक?" नातवाने विचारलं. शाळेत नागरिकशास्त्रात वाचलं होतं म्हणाला.

दर फेब्रुवारीत सभागृहात मंजूर होतं, मी म्हणालो, आणि कोणालाही मागता येतं. त्याने वहीत लिहून घेतलं. घराघरात जाऊन एवढं सांगायला आम्हाला वर्षात एक तास काढता येत नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. आम्ही दारात जातो ते जप्तीचा इशारा घेऊन, नाहीतर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढेल हे बजावायला.

अडीच वाजता परत आलो. स्थळपाहणीचा कच्चा नकाशा काढून दिला. अधिकाऱ्यांनी आदेश सांगितला: वापर निवासी, क्षेत्र ४१ चौरस मीटर. ४१ गुणिले ८ गुणिले १२, ३,९३६. १० टक्के वजा, ३,५४२. कर ८५० रुपये. रोजगार हमीची ओळ लाल पेनाने खोडली. मावशींनी आदेशाची प्रत दोनदा नातवाकडून वाचून घेतली आणि मग कमरेच्या पिशवीत ठेवली.

त्यांचं काम झालं होतं, पण माझं मन त्या गल्लीतच अडकलं होतं. रात्री आठनंतर कार्यालयात बसून मी त्या गल्लीची पत्रकं काढली. वाटणी झालेले आणखी नऊ वाडे, आणि त्यातल्या सात ठिकाणी प्रत्येक भावाच्या नावापुढे अख्ख्या छपराचं क्षेत्र. यातल्या दोघांनीच हरकत घेतली होती. बाकीच्यांची ३० दिवसांची मुदत संपून गेलेली. मावशींचे दीरही त्यातलेच. त्यांना वाटलं असणार, सरकारने मोजलंय म्हणजे बरोबरच असेल.

चुकीने झालेली नोंद केव्हाही दुरुस्त करायचा अधिकार कायद्याने नगरपरिषदेला दिलेला आहे. ज्याचं घर आहे त्याने अर्जच केला पाहिजे असं नाही. मी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे टिपणी लिहिली. गल्लीचं नाव, मालमत्ता क्रमांक, दुबार धरलेलं क्षेत्र, आणि शेवटी हेही, की नमुना तपासणी जागेवर न जाता झाली होती व ती मी केली होती. एका सहकाऱ्याने सुचवलं, शेवटचं वाक्य काढून टाक, गरज काय. मला ते काढता आलं नाही. ते वाक्य नसतं तर गावठाणातल्या बाकीच्या गल्ल्यांची पत्रकं पुन्हा उघडायला कोणाला कारणच उरलं नसतं.

टिपणीवर सकाळी सही झाली: "संपूर्ण गावठाणाची फेरमोजणी करावी." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो. मावशींचा नातू शाळेच्या आधी तासभर मोकळा होता. टेपचं दुसरं टोक धरायला तो आला. पहिलं घर त्याच्या चुलत आजोबांचं घेतलं. तो आत जाऊन भिंतीला टोक लावून उभा राहिला आणि ओरडला, "इथपर्यंतच ना?"

"भिंतीपर्यंतच," मी म्हणालो आणि आकडा लिहिला.